ठाण्याचे चार फकीर

वसईचा माझा एक मित्र आहे. बीएडला आम्ही एका वर्गात होतो, एकाच खोलीत राहायचो. तो कॅथलिक, घरी सामवेदी बोलणारा; मी धाराशिव जिल्ह्यातल्या बेंबळीचा, घरी दखनी बोलणारा. पहाटे मी फजरला उठायचो तेव्हा तोही उठायचा आणि खिडकीपाशी बसून आपली प्रार्थना म्हणायचा. पुढे तो त्याच्या गावी शिक्षक झाला, मी माझ्या. ईदला त्याचा फोन येतो, नाताळला माझा जातो.

काही वर्षांपूर्वी ९ एप्रिलला त्याचा एक मेसेज आला. 'आज ठाण्याच्या हुतात्म्यांचा सण. आमच्यासाठी दुवा कर.' ठाण्याचे हुतात्मे म्हणजे कोण, हे मला माहीत नव्हतं. मोबाईलवर शोधलं आणि चेहरा उतरला. १३२१ साली ठाण्यात चार ख्रिस्ती फकिरांना मारलं गेलं होतं. मारणारे मुसलमान होते. खटला काझीसमोर चालला होता, आणि आरोप होता प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या निंदेचा.

त्या दिवशी मी मित्राला उत्तर दिलं, 'या सगळ्या दंतकथा असतात. आणि कुणी आपल्या पैगंबरांना शिव्या दिल्या तर लोक ऐकून घेतील का?' त्याने काही लिहिलं नाही. फक्त हात जोडलेलं एक चिन्ह पाठवलं. पुढच्या वर्षी ९ एप्रिलला त्याचा मेसेज आला नाही.

वाचकहो, माझं एका वाक्यात दोन वाक्यं बोलून झालं होतं, आणि ती दोन्ही एकत्र खरी असू शकत नव्हती. ही दंतकथा असेल तर शिव्यांचा प्रश्न येत नाही. शिव्या खऱ्या असतील तर ती दंतकथा नाही. मुलांना निबंधात असा गोंधळ केला म्हणून मी लाल शाईने खुणा करतो. म्हणून ठरवलं की हा प्रकार नीट वाचायचा. मूळ वृत्तांत लॅटिन भाषेत आहेत. हेन्री यूल नावाच्या स्कॉटिश अभ्यासकाने १८६६ साली त्यातला मुख्य वृत्तांत इंग्रजीत आणला. तो मी शब्दकोश शेजारी ठेवून, उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचला. त्यातून जे कळलं ते इथे मांडतो आहे.

कोण होते हे लोक?

या चौघांना फ्रान्सिस्कन म्हणतात, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या पंथातले. फ्रान्सिस हा इटलीतल्या एका श्रीमंत कापड व्यापाऱ्याचा मुलगा. त्याने बापाची दौलत सोडली, अंगावरचे कपडेसुद्धा बापाला परत केले, जाडाभरडा झगा घातला, कमरेला दोरी बांधली आणि मागून खायला लागला. त्याच्याभोवती जमलेले लोक स्वतःला 'लहान भाऊ' म्हणवून घेत. आपल्याकडच्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. गुदडी पांघरणारा, उद्याची भाकरी आज साठवून न ठेवणारा दरवेश आपल्या ओळखीचा आहे. ज्या वर्षांची ही गोष्ट आहे त्या वर्षांत दिल्लीला हजरत निजामुद्दीन औलिया हयात होते. त्यांच्या खानकाहात आलेलं धान्य-पैसा गरिबांत वाटून टाकायची रीत होती आणि बादशहाच्या दरबारापासून ते लांब राहायचे.

फ्रान्सिस यांचा मुसलमानांशी आलेला संबंध मुद्दाम सांगण्यासारखा आहे. १२१९ साली पाचवं धर्मयुद्ध चालू होतं. इजिप्तमध्ये दमिएत्ता शहराला ख्रिस्ती फौजेचा वेढा होता. त्या वेळी फ्रान्सिस आणि त्यांचा एक सोबती शस्त्राविना पलीकडच्या छावणीत गेले आणि सुलतान अल-कामिल यांना भेटले. हा सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी यांचा पुतण्या. दोघांत धर्मावर बोलणं झालं. कुणीही आपला धर्म बदलला नाही. सुलतानाने त्यांचा मान राखला आणि त्यांना सुखरूप परत पाठवलं.

दोन वर्षांनी, १२२१ मध्ये, फ्रान्सिस यांनी आपल्या भावांसाठी जे नियम लिहिले त्यात मुसलमानांमध्ये राहण्याचे दोन मार्ग सांगितले. पहिला असा की वाद-भांडण करू नये, सगळ्यांशी नमून राहावं आणि आपण ख्रिस्ती आहोत एवढं लपवू नये. दुसरा असा की देवाची मर्जी आहे असं वाटेल तेव्हा धर्म उघड सांगावा. पहिला मार्ग आधी लिहिलेला आहे, हे लक्षात ठेवा. मात्र सगळे भाऊ त्या क्रमाने चालले नाहीत. १२२० मध्येच त्यांचे पाच भाऊ मोरोक्कोत मराकेश इथे उघड विरोधी प्रचार करून मारले गेले होते. मेलेल्यांचं माहात्म्य वाढत जातं. पंथातल्या अनेकांना तसं मरण यावं अशी आस लागली.

टोलेंटिनोचे थॉमस

ठाण्यात मारल्या गेलेल्या चौघांत वडील होते थॉमस, इटलीतल्या टोलेंटिनो गावचे. त्यांचा जन्म तेराव्या शतकाच्या मध्याच्या आसपासचा. तरुणपणीच ते फ्रान्सिस्कन झाले. तेव्हा पंथात मोठा झगडा चालू होता. संख्या वाढली तसे मठ आले, जमिनी आल्या, धान्याची कोठारं आली. काही जण म्हणू लागले की फ्रान्सिस यांनी सांगितलेली गरिबी तंतोतंत पाळली पाहिजे, मालकी नको म्हणजे नको. थॉमस या कडक गटात होते. पंथाच्या वरिष्ठांनी त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना बंडखोर ठरवून कैदेत टाकलं. तिथे ते कित्येक वर्षं होते. पुढे रेमंड गॉफ्रीदी हे पंथाचे नवे प्रमुख झाले. गरिबीवर प्रेम करणं हा गुन्हा असेल तर आपण सगळेच गुन्हेगार व्हावं, अशा अर्थाचं ते बोलले असं सांगतात. त्यांनी या लोकांना सोडवलं.

म्हणजे थॉमस यांना पहिली बेडी पडली ती स्वतःच्याच धर्मबांधवांकडून. हा झगडा पुढेही मिटला नाही. ठाण्याच्या घटनेच्या तीनच वर्षं आधी, १३१८ साली, फ्रान्समध्ये मार्सेय इथे याच कडक गटातल्या चार फ्रान्सिस्कनांना चर्चच्या न्यायालयाने दोषी ठरवलं आणि त्यांना जिवंत जाळण्यात आलं. तिकडेही चौघेच. हे मी हिशेब बरोबर करायला सांगत नाही. ते त्यांनी जाळले म्हणून हे आपण मारले ते फिटलं, असा हिशेब अल्लाहच्या दरबारी चालत नाही. एवढंच सांगायचं आहे की धर्माच्या गादीवर बसलेल्या माणसाला फकिराची भीती वाटते, आणि त्या भीतीला कुठल्या एका धर्माचं नाव देता येत नाही.

सुटकेनंतर थॉमस यांना आर्मेनियाला धाडण्यात आलं. तिथला राजा हेथुम दुसरा हा स्वतः फ्रान्सिस्कनांचा इतका चाहता की पुढे त्याने तोच झगा घातला. राजाचा दूत म्हणून थॉमस रोमला पोपकडे, फ्रान्सच्या आणि इंग्लंडच्या राजांकडे मदत मागायला गेले. १३०७ च्या सुमारास त्यांनी आणखी एक मोठं काम केलं. मोंतेकोर्विनोचे जॉन नावाचे त्यांच्याच पंथाचे एक भाऊ चीनमध्ये खानबालिक, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये, एकटे राहून काम करत होते. चीनला जाताना ते भारतात तेरा महिने राहिले होते. त्यांची पत्रं घेऊन थॉमस पोप पाचवे क्लेमेंट यांच्यासमोर उभे राहिले. त्यामुळे पोपने चीनकडे बिशप धाडले आणि जॉन तिथले आर्चबिशप झाले.

आयुष्यभर चालणारा हा माणूस म्हातारपणी स्वतःच चीनला निघाला. बरोबर तिघे होते. पाडुआचे जेम्स, सिएनाचे पीटर, आणि तिफलिसचे म्हणजे आजच्या जॉर्जियातल्या तिबिलिसीचे डेमेट्रियस. डेमेट्रियस यांना पूर्वेकडच्या भाषा येत असल्याने दुभाष्याचं काम त्यांच्याकडे. सोबत जॉर्डन काताला नावाचे दुसऱ्या एका पंथाचे, डॉमिनिकन, फकीर होते. इराणच्या आखातातल्या होर्मुझला ते जहाजात चढले. जायचं होतं केरळातल्या कोल्लमला. जहाज त्यांच्या मर्जीविरुद्ध येऊन लागलं ते ठाण्याला.

तेव्हाचं ठाणं

आज ठाणं म्हटलं की लोकलची गर्दी आठवते. तेव्हा ते खाडीवरचं बंदर होतं. अरब भूगोलकारांनी ठाणं आणि सोपारा यांची नावं शेकडो वर्षं आधीच लिहून ठेवली होती. आपल्या तेरचा, म्हणजे जुन्या तगर नगरीचा माल प्राचीन काळी गाड्यांवरून पश्चिमेच्या बंदरांकडे जायचा, तो हाच किनारा. १३२१ मध्ये दिल्लीच्या तख्तावर गियासुद्दीन तुघलक होता. ठाण्यात त्याच्या हुकमतीखाली एक मलिक, म्हणजे सुभेदारासारखा अधिकारी, आणि एक काझी असे होते.

गावात हिंदू होते, मुसलमान होते, प्रेतं उघड्यावर ठेवणारे पारशी परिसरात होते, आणि पूर्वेकडच्या जुन्या चर्चच्या, ज्यांना नेस्टोरियन म्हणत, अशा ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती. थोड्याच दिवसांनी तिथे आलेल्या ओडोरिक नावाच्या फ्रान्सिस्कन प्रवाशाने ठाण्याचं वर्णन केलं आहे. लोक अग्नी, साप आणि झाडं पूजतात, असं तो लिहितो. इथले उंदीर कुत्र्याएवढे असतात आणि मांजरांचं त्यांच्यापुढे चालत नाही, असंही लिहितो. बिचाऱ्याने घूस पाहिली होती! तेव्हा तो डोळे उघडे ठेवून फिरत होता, एवढं मानायला हरकत नाही.

चौघे एका नेस्टोरियन घरात उतरले. जॉर्डन गुजरातेकडे निघून गेले.

एका बाईची फिर्याद

यापुढची हकिकत प्रामुख्याने ओडोरिकने सांगितलेली आहे. घटना घडली तेव्हा तो ठाण्यात नव्हता. त्याने ती नंतर येऊन ऐकली आणि बऱ्याच वर्षांनी लिहून घेतली. जॉर्डन यांचं पत्र मात्र त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातलं आहे, त्यामुळे चौघे मारले गेले याबद्दल शंका घ्यायला जागा नाही.

ओडोरिक सांगतो की ज्या घरात हे उतरले होते तिथे नवरा-बायकोचं भांडण झालं. नवऱ्याने बायकोला मारलं. सकाळी ती काझीकडे गेली. मी हे वाक्य दोनदा वाचलं. एक ख्रिस्ती बाई, सातशे वर्षांपूर्वी, नवऱ्याने मारलं म्हणून मुसलमान काझीच्या दारात इन्साफ मागायला गेली. आपल्याला इथे दाद मिळेल असं तिला वाटलं, म्हणजे त्या गादीची तेवढी पत होती.

काझीने विचारलं, साक्षीदार कोण? ती म्हणाली, आमच्या घरी चार फिरंगी फकीर उतरलेत, त्यांनी पाहिलं आहे. तिथे अलेक्झांड्रियाचा एक माणूस बसला होता. तो म्हणाला, हे मोठे विद्वान लोक असतात, त्यांना बोलवा, धर्मावर वाद घालू. पीटर घर सांभाळायला मागे राहिले. थॉमस, जेम्स आणि डेमेट्रियस आले.

आणि काझीने वाद सुरू केला. येशू देव की माणूस, यावर. थॉमस यांनी आपल्या श्रद्धेप्रमाणे उत्तरं दिली. मग प्रश्न आला, मुहम्मद (स.) यांच्याबद्दल तुमचं काय म्हणणं? थॉमस यांनी आधी आडून उत्तर दिलं. पुन्हा विचारलं. पुन्हा टाळलं. पुन्हा विचारलं. शेवटी थॉमस जे बोलले ते मी इथे लिहिणार नाही. कुठल्याही मुसलमानाचं काळीज चिरेल असंच ते होतं. लोक ओरडले, यांना मारा.

त्यांना तिसऱ्या प्रहरापर्यंत भर उन्हात बांधून ठेवलं. एप्रिलमधलं ऊन. मग मैदानात आग पेटवली. ओडोरिकच्या लॅटिन मजकुरात 'मैदान' हा आपला शब्द तसाच आला आहे. जेम्स आगीत गेले आणि न जळता बाहेर आले, दोनदा, असं तो सांगतो. हा चमत्काराचा भाग. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं; हजरत इब्राहीम यांच्यासाठी आग थंड झाली यावर आपलाही ईमान आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते लोकांचं वागणं. जमलेले लोकच म्हणायला लागले की हे भले लोक आहेत, यांना त्रास देणं पाप आहे. मलिकही वरमला. त्याने त्यांना कपडे परत दिले आणि गुपचूप खाडीपलीकडे पोचवलं. तिथे एका हिंदू घराने त्यांना थारा दिला.

काझीला हे पटलं नाही. तो मलिकाला म्हणाला, हे जिवंत राहिले तर लोक त्यांच्याच मागे जातील. ख्रिस्ती माणसाला मारलं तर मक्केला गेल्याचं पुण्य मिळतं असं कुरआनात आहे, असंही त्याने सांगितल्याचं ओडोरिक लिहितो. मलिकाने चार हत्यारबंद माणसं पाठवली. गुरुवार, ९ एप्रिल १३२१. रात्रीची प्रार्थना म्हणत असलेल्या तिघांना मारण्यात आलं. पीटर नंतर पकडले गेले आणि हालहाल करून ११ एप्रिलला मारले गेले.

दोन पळवाटा

हे वाचून झाल्यावर मी मित्राला पाठवलेलं ते उत्तर पुन्हा उघडलं. त्यात दोन पळवाटा होत्या.

पहिली पळवाट म्हणजे हे सगळं खोटं. ती बंद झाली. चमत्कार बाजूला ठेवले तरी चार कबरी उरतात.

दुसरी म्हणजे त्यांनी निंदा केली, मग काय होणार? इथे मला आपल्याच घरात पाहावं लागलं. ख्रिस्त्याला मारून हजचं पुण्य मिळतं अशी एकही आयत कुरआनात नाही. ओडोरिकने ऐकीव लिहिलं असेल तर त्याची चूक. पण एखादा काझी खरोखर असं बोलला असेल, तर त्या मैदानात अल्लाहच्या कलामाची निंदा थॉमस यांनी केली नव्हती, काझीने केली होती. उलट सूरह अनआममध्ये सांगितलं आहे की दुसऱ्यांच्या दैवतांना शिव्या देऊ नका, नाहीतर तेही अज्ञानापोटी अल्लाहला शिव्या देतील. सूरह अनकबूतमध्ये ग्रंथधारकांशी वाद घालायचा तर उत्तम रीतीनेच घाला असा हुकूम आहे.

स्वतः प्रेषितांचं (स.) वागणं कसं होतं? बुखारी शरीफमध्ये हदीस आहे. काही यहुदी त्यांच्याकडे आले आणि सलामाच्या जागी 'तुम्हाला मरण येवो' अशा अर्थाचा शब्द बोलले. हजरत आयशा संतापल्या, त्यांनी तसंच उलट उत्तर दिलं. प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवलं. अल्लाहला नरमाई आवडते, असं समजावलं. तोंडावर मरण चिंतणारे लोक उठून सुखरूप घरी गेले. नजरानचे ख्रिस्ती मदिन्याला आले, येशूंबद्दल वाद झाला, एकमत झालं नाही, तरी त्यांना मस्जिदीत त्यांची प्रार्थना करू दिली आणि करार करून पाठवलं.

कायद्याचंही सांगतो. या विषयावर इमामांत मतभेद आहेत, काहींची मतं फार कडक आहेत. ते लपवणार नाही. पण इमाम अबू हनीफा यांच्या मते मुस्लिम राज्यात करारान्वये राहणाऱ्या बिगरमुस्लिमाने अशी निंदा केली तर त्याला समज-शिक्षा द्यावी. तेवढ्याने करार मोडत नाही आणि तेवढ्यासाठी जीव घेता येत नाही. दिल्लीच्या राज्यात जी फिकह चालायची ती हीच, हनफी. म्हणजे माफीचा रस्ता सोडा, कायद्याचासुद्धा दुसरा रस्ता होता.

आणि थॉमस? त्यांना संत मानणाऱ्या माझ्या मित्राचा मान राखूनही मला म्हणायचं आहे की ते शब्द बोलायला नको होते. त्यांच्या गुरूने सांगितलेला पहिला मार्ग भांडण न करण्याचा होता. शंभर वर्षांपूर्वी फ्रान्सिस आणि अल-कामिल समोरासमोर बसले होते, तेव्हा दोघांनीही आपापली जीभ सांभाळली. ठाण्यात दोघांचीही सुटली. पण जिभेचा गुन्हा आणि तलवारीचा गुन्हा एका तराजूत बसत नाहीत. शिवाय टाळणाऱ्या माणसाला तीन-तीनदा तोच प्रश्न विचारला, तर विचारणाऱ्याला उत्तर हवं असतं की कारण?

त्या बाईचं काय झालं?

सगळं वाचून झाल्यावर मी एक गोष्ट शोधायला पुन्हा मागे गेलो. ती बाई. नवऱ्याने मारलं म्हणून सकाळी उठून काझीकडे आलेली. तिच्या फिर्यादीचा निकाल काय लागला?

ओडोरिकच्या वृत्तांतात ती पुन्हा येतच नाही. साक्षीदार बोलावले, त्यांना साक्ष मात्र विचारली नाही. येशू कोण यावर वाद झाला, आग पेटली, माणसं मेली, गावातल्या ख्रिस्ती लोकांना कैद केलं. पण नवऱ्याने बायकोला मारलं का, या प्रश्नाचा निकाल झालाच नाही. काझीला अल्लाहने आणि बादशहाने जे एकमेव काम दिलं होतं, ते त्याने केलं नाही. अलेक्झांड्रियाच्या एका रिकामटेकड्या पाहुण्याने पिलू सोडलं आणि इन्साफाच्या गादीवरचा माणूस त्याच्या मागे धावला.

प्रेषितांच्या (स.) इज्जतीचं नाव घेऊन त्या दिवशी एका मार खाल्लेल्या बाईची फिर्याद बुडवली गेली. प्रेषितांना (स.) यातली कुठली गोष्ट जास्त लागली असती, हे ज्यांनी त्यांचं चरित्र वाचलं आहे त्यांना मी सांगायला नको.

नंतर

जॉर्डन बातमी ऐकून परतले. त्यांनी मृतदेह सोपाऱ्याला नेऊन दफन केले. पुढे १३२९ साली ते कोल्लमचे बिशप नेमले गेले. ओडोरिकने येऊन अस्थी उकरल्या, कापडात बांधल्या आणि जहाजातून थेट चीनच्या झैतून बंदरात, आजच्या च्वानचौला, आपल्या पंथाच्या मठात नेऊन ठेवल्या. थॉमस चीनला निघाले होते, ते असे पोचले. ओडोरिक १३३० मध्ये इटलीत परतला, त्याने आपला प्रवास सांगून लिहवून घेतला आणि जानेवारी १३३१ मध्ये वारला. थॉमस यांच्या पूजेला पोप तेरावे लिओ यांनी १८९४ मध्ये मान्यता दिली.

ओडोरिक आणखी काही सांगतो, आणि मला त्यातच ठाण्याचा खरा आवाज ऐकू येतो. चौघांना मारलं त्या जागेची माती ठाण्याचे आजारी लोक, हिंदू आणि मुसलमान दोन्ही, पाण्यात कालवून प्यायचे. धाराशिवला ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या उरुसाला जाणाऱ्या माणसाला हे वाचून नवल वाटणार नाही. काझीने निकाल दिला, पण लोकांनी आपला वेगळा निकाल दिला होता. मलिकाला पश्चात्ताप झाला, त्याने या चौघांच्या स्मरणार्थ चार मस्जिदी बांधल्या, दिल्लीच्या बादशहाने त्याला धरून नेऊन मृत्युदंड दिला आणि काझी पळून गेला, असंही तो सांगतो. यातलं किती घडलं आणि किती भाविकांनी जोडलं, ते बाजूला ठेवू. एका ख्रिस्ती साधूला आपल्या हुतात्म्यांची कहाणी सांगताना मुसलमान बादशहाच्या तोंडी इन्साफ घालावासा वाटला, हे मला कमी वाटत नाही.

वर्गातला प्रश्न

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका गावात मोबाईलच्या स्टेटसवरून तणाव झाला. एका पोराने काहीतरी ठेवलं, दुसऱ्याने त्याचा फोटो काढून गावभर फिरवला, दोन दिवस दुकानं बंद. तिसऱ्या दिवशी शाळा भरली तेव्हा मी नववीच्या मुलांना ही ठाण्याची गोष्ट सांगितली. शिवी सोडून सगळी सांगितली. मागच्या बाकावरचा एक मुलगा, घरचा नमाजी, उभा राहिला. म्हणाला, 'सर, मग काझीनं बराबर केलं का चूक केलं? तुमी एकच सांगा.'

मी म्हणालो, 'चूक केलं.'

'पण त्यानं आपल्या नबींना बोललं होतं ना, सर?'

'बोललं होतं. तेही चूक होतं. पण काझीकडे सकाळी कोण आलं होतं, आठवतं का?'

तो थोडा वेळ गप्प राहिला. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, 'ती बाई, सर. तिचं तर राहूनच गेलं.'

मित्रांनो, मला वर्गाला यापेक्षा जास्त काही शिकवायचं नव्हतं. कुणी डिवचलं की आपण उठतो, आणि ज्या कामासाठी बसलो होतो ते राहूनच जातं. शाळा राहते, रोजगार राहतो, घरात मार खाणारी बाई राहते. डिवचणारा अलेक्झांड्रियाचा असो की आपल्याच आळीतला, त्याला हेच हवं असतं.

या ९ एप्रिलला मेसेजची वाट न पाहता मीच वसईला फोन केला. म्हणालो, आज तुमच्या ठाण्याच्या फकिरांचा दिवस. मी तेव्हा जे लिहिलं ते चुकलं, माफ कर. तो हसला. म्हणाला, 'अरे, आम्ही तुझ्याकडे दुवा मागितली होती, निकाल नाही.'

त्या दिवशी जोहरच्या नमाजनंतर मी दुवा केली. त्या चौघांसाठी केली, आणि नाव माहीत नसलेल्या त्या बाईसाठीही.